तिसरा कौल

नाही गं शिवांजली, नाव कळलं मला — सर्व्हिस अपार्टमेंट — दहा वेळा घोकून तोंडात बसलंय आता. मला कळत नाही ते एवढंच, की ते घर असतं का लॉज? घर म्हणावं तर खाली काउंटर, काउंटरवर टाय घातलेला माणूस. लॉज म्हणावं तर आत शेगडी, भांडी, इस्त्री, सगळं मांडून ठेवलेलं — अनुजानं फोटो पाठवलेत की, थांब दाखवते — चष्मा कुठं गेला बघ माझा — हां, डोक्यावरच आहे. तू भडंग घे आधी. घे की, लाजतेस काय, एवढीशी होतीस तेव्हा आमच्या डब्यात हात घालून खायचीस, तू आणि अनुजा. मला नको, माझा गुरुवार आहे, मार्गशीर्षातला, बघ की घट मांडलाय तिथं. संध्याकाळी आरती झाली की मग दूध-फळ. काल गच्चीवर तुझी अव्वा म्हणाली, शिवांजली सुट्टीवर आलीय, ती जर्मनीतच असते, तिला विचारा की तुमच्या लेकीचं. म्हणून तुला भर दुपारी हाक मारली. जरा हळू बोलूया मात्र, आत हे झोपलेत. यांना यातलं काही सांगितलेलं नाही मी. यातलं म्हणजे — घराचंच गं. दुसरं काय.

तर सांगते. आमचे जावई, राजवर्धनराव, त्यांची बदली झाली तिकडं. कंपनीच पाठवतेय, दोन वर्षांसाठी, पुढच्या महिन्यात सहा तारखेचं विमान. आणि कंपनी म्हणते दोन्हीतलं एक घ्या — एक तर तीन महिने आम्ही सर्व्हिस अपार्टमेंट देतो, तिथं उतरा आणि मग निवांत घर शोधा. नाहीतर तेवढे पैसे आम्ही हातात देतो, तुम्ही तुमचं भाड्याचं घर इथूनच ठरवून सरळ तिथं जावा. दोन्ही मिळायचं नाही. आज संध्याकाळी पाचपर्यंत सांगायचंय कंपनीला. किती झाले आत्ता? पावणेचार. हां, म्हणजे आहे की वेळ. अनुजाला पाहिजे ते अपार्टमेंट. जावयांना पाहिजे भाड्याचं घर, बघून पण ठेवलंय त्यांनी एक. महिनाभर दोघांचं हेच चाललेलं. शेवटी जावई म्हणाले — त्यांचा स्वभाव बघ कसा — म्हणाले, आई, आम्ही भांडत बसत नाही, तुम्ही देवीला कौल लावा, ती सांगेल तसं करू. आजकालचा इंजिनिअर मुलगा, सासूला म्हणतोय कौल लावा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. अनुजाला म्हटलं, बघ, एवढा मान कोण ठेवतं? ती म्हणाली, बरं, लाव.

तुमच्यात कौल नसतो ना? सोपं असतं गं. माझ्या माहेरी, मुरगुडाकडं, वेशीबाहेर देवी आहे आमची. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवतो, उजवीकडं एक, डावीकडं एक. आपण मनात धरायचं — उजवी पडली तर हे, डावी पडली तर ते — आणि हात जोडून बसायचं. जी आधी पडेल ते देवीचं उत्तर. माझं लग्न असंच ठरलं, यांचं शिराळ्याचं स्थळ — नाही, ते सोड. परवा मंगळवारी एसटीनं गेलते मी. उजवीला भाड्याचं घर धरलं, डावीला अपार्टमेंट. आणि उजवा दिला देवीनं. आज सकाळी नऊला फोन करून सांगितलं त्यांना, देवीनं उजवा दिलाय, भाड्याचं घर घ्या. संपलं.

मग तुला कशाला बोलावलं? तेच की. असंच. एवढं सांगून झालं तरी मन थाऱ्यावर नाही माझं सकाळपासून. म्हटलं तू राहिलीस तिकडं दोन्हीत, तू एकदा म्हणालीस की काकू, झालं ते चांगलंच झालं, म्हणजे मी आरतीला मोकळी.

कारण मला विचारशील तर मला ते अपार्टमेंट पहिल्यापासूनच नको होतं. खोटं कशाला बोलू. परक्यांनी वापरलेली भांडी — कुणी त्यात काय शिजवलं असेल — त्यात माझ्या लेकीनं नैवेद्य करायचा? आठवड्यातनं दोनदा म्हणे एक बाई येते झाडायला, चादरी बदलायला, आणि तिच्याकडं तिची वेगळी किल्ली असते. आपण घरात असू नसू, ती टकटक करणार आणि आत येणार! सकाळचा नाश्ता सगळ्यांनी खाली उतरून एका हॉलमध्ये करायचा. कपडे धुवायचं मशीन तळघरात, सगळ्यांचं एकच. आता तू सांग, याला कोण घर म्हणेल? उघड्यावर राहिल्यासारखंच की. आणि दिवा? तिथं दिवा लावू देत नाहीत म्हणे. मी सोळा सोमवार केलेत गं शिवा. अनुजाच्या घरासाठी. श्रावणात संकल्प सोडला, की हिला लाभेल असं घर मिळू दे महादेवा, आणि उद्यापन ती तिच्या स्वतःच्या ओट्यावर करील, चुरम्याचा नैवेद्य तिच्या हातचा. सोळा झाले. आता उद्यापन राहिलंय. ते काय लॉजमध्ये करायचं?

काय म्हणालीस? भाड्याच्या घरात ओटाच नसतो? नसतो म्हणजे? नुसत्या भिंती? अगं बाई. स्वयंपाकघर आपण आपलं विकत आणून बसवायचं आणि सोडताना उपसून न्यायचं? हे तर मला कुणी सांगितलंच नाही. आणि करार किती दिवसांचा असतो? वर्ष? मधे सोडता येत नाही? येतं, पण तीन महिने आधी लिहून द्यावं लागतं. हां. म्हणजे एकदा आत गेलं की गेलं. नाही, चांगलंच आहे ते, ऊठसूट घर बदलायचं खूळ तरी जाईल.

आणि तू दिवा लावायचीस का गं तिथं, पहिले तीन महिने अपार्टमेंटात होतीस तेव्हा? उदबत्ती? मग? — घंटा वाजली? एका उदबत्तीला? छताला तसलं यंत्र असतं होय, धूर हुंगणारं. शी, किती लाजली असशील. सगळी बिल्डिंग खाली उतरली? रात्रीचे कपडे घालून? आणि तो काउंटरवरचा माणूस पळत वर आला, मास्टर किल्लीनं दार उघडून थेट आत — तुला काही झालं नाही ना बघायला. एका उदबत्तीला. किती मिनिटांत आला म्हणालीस? दोन? बघ की. उदबत्तीच्या धुराला दोन मिनिटांत येतात, मग माणूस ओरडलं तर अजून लवकर येत असतील, नाही का.

नाही, मी आपलं सहज म्हटलं. कोण ओरडतंय. घे ना भडंग, मऊ पडेल.

तसं काही नाही गं, तू अशी बघू नकोस. जावई आमचे चांगले आहेत. दारूचं नाव नाही, सुपारीचं खांड नाही. घरात आले की पाया पडतात, यांच्या बीपीच्या गोळ्या पुण्याहून आठवणीनं घेऊन येतात. त्यांना फक्त आवाज चालत नाही. गडबड, माणसांची येजा, शेजाऱ्यांनी डोकावणं, हे खपत नाही. असतो एकेकाचा स्वभाव. आणि घर लाभेना त्यांना, बिचाऱ्यांना — दोन वर्षांत पुण्यात तीन फ्लॅट झाले. पहिला चांगला मोठा होता, मी जाऊन गणेशपूजन केलं, वास्तुशांत केली, कासव ठेवलं. सात महिन्यांत सोडला. का तर वरच्या मजल्यावरची बाई चोंबडी, येताजाता अनुजाला विचारायची बरी आहेस ना, बरी आहेस ना. दुसरा घेतला, तिथं एक दिवस वॉचमनच येऊन बेल वाजवायला लागला. जेवणाच्या वेळेला. म्हणाला, साहेब, आवाज येतोय म्हणून तक्रार आलीय. झालं, पुढच्या महिन्यात ट्रक. आता तिसरा, तो पार गावाबाहेर, त्यांच्या मजल्यावर दुसरं कुणी राहायलाच आलेलं नाही अजून. मी प्रत्येक घराला नारळ ठेवला. दुसऱ्याला तर नवचंडी करायचं बोलले होते. मी म्हणायची, घरंच वाईट मिळतात यांना, वास्तूत दोष आहे. हिच्या पत्रिकेत चौथ्या घरात शनी आहे ना.

तू काय म्हणालीस? अगं, हळू. — तसं नाही. तसं नाही, शिवा. हात उचलतात असं नाही. म्हणजे रोज नाही. चिडले की तेवढ्यापुरतं भान राहत नाही, मग नंतर त्यांनाच वाईट वाटतं, दवाखान्यात स्वतः घेऊन जातात. मला अनुजानं सांगितलेलं नाही काही. मला कळलं ते बांगड्यांवरनं. गौरीला आलती ना ती, भाद्रपदात, तेव्हा कोपऱ्यावरची कासारीण घरी बोलावली मी. हिरव्या बांगड्या भराव्यात, गौर बसायच्या आधी. उकाड्याचे दिवस आणि हिच्या मनगटापर्यंत बाह्या. म्हटलं वर कर की बाही. करेना. कासारणीनं हात धरला तर हिनं तोंड फिरवलं. मनगट हे एवढं. सुजलेलं, आणि कडेनं पिवळं पडलेलं. कासारीण जुनी बाई आहे, तिनं माझ्याकडं बघितलं, बांगड्या परत दोरीत ओवल्या आणि म्हणाली, काकू, या हातात आज जायच्या न्हाईत, पुढच्या खेपंला भरू. पैसे पण घेतले नाहीत. मी अनुजाला विचारलं, काय झालं गं? म्हणाली, बाथरूममध्ये घसरले. म्हटलं हळद लाव. लावली मीच. काय करणार होते अजून? गौर दारात होती.

आणि जाताना म्हणाली — स्टँडवर सोडायला गेलते मी — म्हणाली, आई, मी थोडे दिवस इथंच राहू का? असं सहज म्हणाली, पिशवी हातात घेऊन. आणि मी म्हटलं, उद्यापन होऊ दे बाळ. माझे चारच सोमवार झाले होते तेव्हा. व्रत अर्धं असताना मुलगी संसार सोडून माहेरी येऊन बसली तर ते व्रत कुठं जाणार, तूच सांग. म्हटलं सोळा पुरे होऊ देत, महादेव घर देईल, घर मिळालं की माणूस बदलतो. मोकळी हवा, आपलं अंगण, आपलं दार. गाडी लागली, बसली ती.

पाणी पितेस? मी नाही पीत, मी आरतीपर्यंत पाणीही घेत नाही आज. तू सांग ना अजून तिथलं. हो, तो ताप आलता म्हणालीस तुला, ते काय? सांग ना. — दोन दिवस नाश्त्याला खाली आली नाहीस? मग? — त्यांनी फोन केला वर? उचलला नाहीस तर दार वाजवलं? तुझं नाव माहीत होतं त्यांना? फक्त दोन दिवस खाली दिसली नाहीस म्हणून. आणि त्या झाडायला येणाऱ्या बाईनं सूप आणून दिलं. कुठली होती ती? तुर्की. तुझी भाषा येत नव्हती तिला, तिची तुला नव्हती, तरी कपाळाला हात लावून बघितला.

थांब जरा.

अनुजा हेच सांगत होती गं. आठवड्यापूर्वी फोन आलता तिचा, अवेळी, सकाळी अकराला. बाथरूममधनं बोलत होती, नळ मोठा सोडलेला. मला ऐकूच येईना नीट, मी म्हटलं अगं नळ बंद कर की, पाणी वाया जातंय. नाही केला. म्हणाली, आई, तू जाणार आहेस ना कौल लावायला, त्यांना अपार्टमेंटच सांग. म्हटलं का पण? तर एकेक सांगायला लागली. आई, खाली चोवीस तास माणूस असतो. आई, बाई येते आठवड्यातनं दोनदा, तिची वेगळी किल्ली असते. आई, सकाळी सगळ्यांना खाली उतरावंच लागतं. आई, भिंती पातळ आहेत, नेटवर लोकांनी लिहिलंय, शेजारचं सगळं ऐकू येतं. आणि मी प्रत्येकाला म्हणत होते, अगं मग वाईटच की ते! अगं परकी बाई! अगं पातळ भिंती! ती म्हणाली, आई, तेच तर. मला कळलंच नाही. तेच तर, असं दोनदा म्हणाली. मग म्हणाली, तीन महिने मिळू देत मला आई, तीन महिन्यांत मी तिथली भाषा शिकते थोडी, कुणाची तरी ओळख होते, पुढचं मग मी बघते. आणि नळ बंद झाला आणि फोन पण.

कळलं नाही असं कसं म्हणू. कळलं असेल. ऐकते ना मी, बहिरी नाही.

तो कौल — तो सांगितला ना तुला, उजवा — तो आधी डावा दिला होता देवीनं. पहिला. पाकळी लावून सयाजी गुरव अजून हात पुसत होता, तेवढ्यात डावी पडली, टपकन. अशी कधी पडत नाही, बसावं लागतं तासतास. सयाजी म्हणाला, झालं आक्का, दिला की, लगीच दिला, आई खूश हाय तुमच्यावर. मी म्हटलं, सयाजी, पाकळी जरा सुकी होती का? परत लाव. तो म्हणाला, सुकी कुठली, आत्ताच कळशीत बुडवली. मी म्हटलं लाव रे. लावली. अर्धा तास बसले. परत डावी. सयाजी हसायला लागला, म्हणाला, आक्का, ही काय रिक्षा हाय व्हय, भाडं परवडंना म्हणून दहांदा इचारायला? दोनदा सांगितलं तिनं. तिसऱ्यांदा इचारत न्हाईत. आमच्याकडं कुणी तिसऱ्यांदा विचारत नाही, खरं आहे ते. माझ्या आजीनं कधी विचारलं नाही, आईनं विचारलं नाही. मी विचारलं. ओटी भरली, अजून एक नारळ ठेवला, आणि देवीच्या तोंडाकडं बघून म्हटलं, आई, माझे सोळा सोमवार आहेत, मला घर दे. किती वेळ बसले कुणास ठाऊक. पाय मेले माझे. मग एक बाई आली कुठलीशी, तिनं येताना घंटा ओढली, जोरात, जुनी आहे ती घंटा, दगड हलतो — आणि उजवी पडली. मी उठले. सयाजीला म्हटलं, दिला बघ. त्यानं अंगारा पण हातावर नाही ठेवला, ताटात ठेवून आत गेला.

मंगळवारी हे झालं, आणि बुधवार सगळा मी असाच घालवला. फोन हातात घ्यायचे, ठेवायचे. आज सकाळी पोथी वाचली, घट मांडला, आणि म्हटलं सांगून टाकूया. नऊ वाजता केला फोन. देवीनं उजवा दिला, म्हटलं. एवढंच म्हटलं. कितवा ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोटं नाही ना बोलले मी?

काय वाजले? चार वीस. आहे की वेळ. पाचपर्यंत आहे. करू फोन? करते. काय सांगू पण? सांगते की, माझं चुकलं, पहिला कौल धरतात, तो डावा होता, देवीचा कोप नको, अपार्टमेंट घ्या. देवीच्या पुढं जायचे नाहीत ते. त्यांनीच म्हटलंय ना, ती सांगेल तसं. बस, तू इथंच बस, उठू नकोस, हात दे तुझा.

हॅलो — हां, राजवर्धनराव, मी आई बोलतेय. जेवण झालं? ... हो, हे बरे आहेत, झोपलेत. ... नाही, काम असं नाही. ते कौलाचं म्हणत होते. सकाळी सांगितलं ना, ते जरा — काय आहे, सयाजी गुरव म्हणत होता — ... कधी? ... सव्वानऊला? ... हो, मी नऊलाच केलता फोन. हो, लगेच कळवलंत मग. ... नाही, मला वाटलं पाचपर्यंत मुदत आहे तर — ... नाही नाही, बदलायचं असं नाही. ... नाही हो, अनुजाचा फोन नव्हता आला. कुठला फोन? नाही, मला नाही केला तिनं. देवीशपथ नाही. ... तसं नाही, मी आपली सहज. ... सही पण झाली? हो का. बरं. बरं झालं. ... फोटो आला, हो, बघते. एकटंच आहे होय घर. ... शेतात. पुढचं घर अर्ध्या किलोमीटरवर. ... हो, शांत असेल. तुम्हाला बरं. तिलाही, हो, तिलाही आराम. ... कोण येणार आहे त्रास द्यायला, खरं आहे. ... मी म्हणते, अनुजा आहे का तिथं, जरा दोन शब्द — ... हां. बाळ? जेवलीस का? ... मी — अगं, मी ते — ... हो. हो, देवीनंच. ... हो, उजवा. ... समई पाठवते मी तुझ्याबरोबर, पितळी, आजीची, उद्यापनाला होईल, त्या घरात धुराचं यंत्र — हॅलो? अनुजा? हॅलो?

ठेवला. तिनं नाही, त्यांनी घेतला असेल. काय म्हणाली? बरं आई, म्हणाली. दुसरं काही नाही. बरं आई.

हा बघ फोटो. कौलारू आहे, चांगलं आहे की. पुढं पांढरं दिसतंय ते बर्फ असेल. झाडंझुडं भरपूर आहेत. एकच रस्ता दिसतोय, नाही?

तिचा नंबर? तुला कशाला? तुझं गाव कुठं, ते कुठं. किती लांब पडतं तुला? रेल्वेनं चार तास आणि पुढं बस. जाशील? दर रविवारी नको, महिन्यातनं एकदा तरी — हळदीकुंकवाचं निमित्त करून जायचं, काकूंनी प्रसाद पाठवलाय म्हणायचं, आणि तिच्या हातातच द्यायचा, तिला समोर बघून, त्यांच्या हातात नाही. दार उघडलं नाही तर उघडेपर्यंत — नको. नको गं. तू गेलीस की ते म्हणणार हिनंच सांगितलं. मग तू चार तासांनी तुझ्या घरी पोचशील, आणि ती तिथंच असेल. नको. नंबर लिहू नकोस. लिहिलास? असू दे, राहू दे मग. पण मी दिला म्हणून सांगू नकोस कुणाला.

उठले वाटतं हे, खोकल्याचा आवाज आला. चहा टाकायला पाहिजे. तू जा आता शिवा. तुझ्या अव्वाला सांग, काकूंनी आरतीला बोलावलंय, सहाला. आणि यांच्यासमोर काही बोलू नकोस, त्यांचं बीपी — जा. असं बघत उभी राहू नकोस, मला पूजेचं तबक लावायचंय अजून. डबा घेऊन जा भडंगाचा. आणि जाताना दार ओढून घे.

नको. उघडंच राहू दे. राहू दे म्हटलं ना, उघडंच असू दे ते.